तोंडाचें छत आणि नाकाची जमीन

(आकाशवाणीवरून झालेलें भाषण)

रात्रीं दहा-साडेदहाचा सुमार असतो. आई दिवा मालवण्यापूर्वीं एकदां अंथरुणाकडे पाहते, आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा तोंड उघडें टाकून झोपलेला तिला दिसतो. हनुवटीखालीं बोट लावून ती तें मिटते. घटकाभरानें तें पुन्हां उघडतें. थोडें घोरणेंहि ऐकूं येतें. सकाळीं मुलगा उठतो तो कोरड्या ओठांनीं आणि झोप पुरी न झालेल्या चेहर्‍यानें. पुढें केव्हां तरी दांत वांकडे येत आहेत म्हणून त्याला दंतवैद्याकडे नेलें जातें, आणि तेथें आईबापांच्या कानीं एक नवीनच गोष्ट पडते : "याची टाळू अरुंद आहे, ती रुंद करावी लागेल." शेजारीपाजारीं कोणी त्यांत भर घालतो, कीं टाळू रुंद केली म्हणजे नाकहि मोकळें होतें, घोरणें थांबतें, आणि मूल अभ्यासांतहि पुढें येतें.

आईबाप गोंधळतात. दांतांच्या वैद्याचा नाकाशीं संबंध काय ? हाड रुंद करणें म्हणजे रबर ताणण्यासारखें आहे काय ? आणि खरेंच नाक मोकळें होत असेल, तर दांत कसेहि असोत, हा उपचार करूनच घ्यावा काय ? या प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. वेड्यावांकड्या दांतांना वळण लावणें हाच माझा व्यवसाय. ज्यांना आपण ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतों त्यांतला मी एक. तेव्हां या उपचाराची बाजू जरा अधिकच घेण्याचा मोह मला होणें स्वाभाविक आहे. तो मोह मला एकदां भोवला आहे, आणि ती हकीकतहि मी लपवून ठेवणार नाहीं.

श्रोत्यांनीं क्षणभर जिभेचा शेंडा वरच्या पुढच्या दांतांच्या मागें टेकवावा, आणि तेथून तो सावकाश मागें न्यावा. कमानीसारखा एक कठीण भाग जिभेला लागेल. ती आपली टाळू. आपला चेहरा हें एक दुमजली घर आहे असें समजा. खालच्या मजल्यावर तोंड राहतें, वरच्या मजल्यावर नाक राहतें, आणि टाळू ही या दोघांच्या मधली तक्तपोशी. तोंडाचें जें छत, तीच नाकाची जमीन. खालच्या बिर्‍हाडाचें छत अरुंद असलें, तर वरच्या बिर्‍हाडाची जमीनहि अरुंदच असावयाची. दंतवैद्याचा नाकाशीं जो संबंध येतो तो या शेजारधर्मामुळें.

ही तक्तपोशी एकसंध नसते. वरच्या जबड्याचीं दोन हाडें, एक उजवें आणि एक डावें, मधोमध एकमेकांना येऊन भिडतात, व जेथें तीं भिडतात तेथें एक सांधा असतो. कापडाच्या दोन पट्ट्या जोडाव्या तशी ही शिवण पुढच्या दोन दांतांच्या मधून निघून टाळूच्या मागच्या भागापर्यंत जाते. लहानपणीं ही शिवण हाडाची नसते, तंतूंची असते. म्हणूनच वाढत्या वयांत जबडा रुंदीनें वाढूं शकतो; आणि म्हणूनच योग्य वेळीं योग्य जोर लावला, तर तो वैद्यालाहि रुंद करतां येतो. हाड ताणलें जात नाहीं. शिवण उसवते, दोन पट्ट्या दूर होतात, आणि मधल्या फटींत शरीर नवें हाड भरून काढतें.

ही युक्ति आजकालची नाहीं. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें एमर्सन एंजेल नांवाचे दंतवैद्य होते. त्यांनीं १८६० सालीं एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडांत दोन बाजूंच्या दाढांमध्यें एक स्क्रू बसविला, आणि तो रोज थोडा थोडा फिरविण्यास तिला सांगितलें. दोन आठवड्यांत जबडा सुमारें पाव इंच रुंद झाला, आणि वरच्या पुढच्या दोन दांतांच्या मध्यें फट पडली. दांतच नव्हे, तर हाडेंच दूर झालीं याचा ही फट म्हणजे पुरावा, असें एंजेल यांचें म्हणणें होतें. त्यांच्या व्यवसायबंधूंना तें पटलें नाहीं. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून पस्तीस वर्षें होतीं. टाळूच्या आंत काय घडलें हें डोळ्यांनीं दाखविण्याचें साधनच नव्हतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं नाकाच्या कांहीं वैद्यांना या उपचारांत रस वाटूं लागला, परंतु दंतवैद्यांनीं तो पुष्कळ वर्षें बाजूलाच ठेवला होता. पुढें इलिनॉय येथें अँड्र्यू हास यांनीं प्रथम डुकरांवर प्रयोग केले, मग मुलांवर हा उपचार केला, आणि १९६१ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाच्या नांवांतच दांतांच्या कमानीबरोबर नाकाच्या पोकळीचाहि उल्लेख आहे. तेव्हांपासून हा उपचार जगभर रूढ झाला.

आतां उपचाराचें प्रत्यक्ष स्वरूप पाहूं. मुलाच्या वरच्या दाढांना धातूचीं कडीं बसवितात, व त्यांना जोडून टाळूच्या मधोमध एक बारीक स्क्रू असतो. त्याला एक लहानशी किल्ली लागते. ही किल्ली बहुधा आईच्याच हातीं येते. किल्ली एकदां फिरविली म्हणजे स्क्रू पाव मिलिमीटर उघडतो. सकाळीं एकदां, रात्रीं एकदां, असा क्रम ठेवला, तर दिवसाला अर्धा मिलिमीटर होतो. चौदा दिवसांत सात मिलिमीटर. एंजेल यांचा पाव इंच साडेसहा मिलिमीटरांच्या आंतबाहेरच होता, हें येथें लक्षांत येईल. किल्ली फिरविल्यावर कांहीं मिनिटें नाकाच्या मुळाशीं आणि गालांच्या हाडांत दडपण वाटतें. मग तें ओसरतें. आठवड्याभरांत पुढच्या दांतांत फट दिसूं लागते, आणि ती पाहून घरांतलीं वडील माणसें घाबरतात. घाबरण्याचें कारण नाहीं. ती फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण आहे, व पुढें दांत आपण होऊन एकमेकांजवळ येतात. रुंदीकरण दोन-तीन आठवड्यांत संपतें, परंतु यंत्र पुढें कांहीं महिने तसेंच ठेवावें लागतें. उसवलेल्या शिवणींत नवें हाड भरण्यापूर्वीं तें काढलें, तर जबडा पुन्हां जवळ येऊं पाहतो.

येथपर्यंत दांतांची कथा झाली. आतां नाकाकडे वळूं.

नाक हें केवळ हवेचें दार नव्हे. आंत येणारी हवा तें ऊन करतें, तिला ओलावा देतें, तिच्यांतील धूळ अडवितें. नाकाभोंवतींच्या हाडांतील पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु तयार होतो, व तो श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन तेथील रक्तप्रवाहास साह्य करतो असें १९९५ नंतरच्या संशोधनानें दिसून आलें आहे. तोंडानें घेतलेल्या श्वासाला यांतलें फारसें कांहींच लाभत नाहीं. मग मूल तोंडानें श्वास कां घेतें ? कारण नाकाची वाट मुळांतच अवघड आहे. श्वासाला आपल्या संपूर्ण मार्गांत जेवढा अडथळा होतो, त्यांतला निम्म्याहून अधिक एकट्या नाकांत होतो. नाकांतली सर्वांत अरुंद जागा नाकपुडीच्या आंत थोड्याच अंतरावर असते. हवेला खरा जोर लागतो तो या चिंचोळ्या गल्लींतून जातांना.

नळींतून वाहणार्‍या द्रवाचा अभ्यास प्वाझई नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८४० च्या सुमारास केला. नळीची त्रिज्या थोडी वाढली, तरी तिच्यांतून जाणारा प्रवाह पुष्कळ वाढतो, असें त्यानें दाखवून दिलें. त्रिज्या दहा टक्क्यांनीं वाढली, तर तेवढ्याच जोरानें जवळजवळ दीडपट प्रवाह जातो. नाक म्हणजे कांहीं गुळगुळीत सरळ नळी नव्हे, म्हणून हा हिशेब त्याला काटेकोरपणें लागू पडत नाहीं. तथापि एक-दोन मिलिमीटरांनींहि कसा फरक पडूं शकतो, याची कल्पना त्यावरून येते.

टाळूची शिवण उघडली म्हणजे नाकाची जमीन रुंद होते, व नाकाच्या बाजूच्या भिंतीहि थोड्या बाहेर सरकतात. परंतु स्क्रू सात मिलिमीटर उघडला म्हणून नाक सात मिलिमीटर रुंद होत नाहीं. कांहीं भाग दाढा बाहेर कलण्यांत खर्च होतो. आणि हाडें दूर होतात तींहि समांतर नव्हे. अर्धवट उघडलेलें पुस्तक उपडें धरावें तशीं तीं खालीं दांतांपाशीं अधिक फांकतात, आणि वर नाकाकडे कमी. तसेंच पुढें अधिक फांकतात, मागें कमी. नाकाच्या तळाशीं सरासरीनें मिळते ती रुंदी दोन मिलिमीटरांच्या आसपासची. एवढीशी रुंदी श्वासाला उपयोगी पडते काय ?

पडते. १९७६ सालीं हर्शी, स्टुअर्ट आणि वॉरन या अमेरिकन संशोधकांनीं उपचारापूर्वीं व उपचारानंतर मुलांच्या नाकांतील अडथळा मोजला. तो सरासरीनें जवळजवळ निम्म्यानें कमी झालेला आढळला. ही बातमी ऐकून कोणाहि आईबापांना उत्साह वाटेल. परंतु त्यांच्यापैकींच वॉरन यांनीं आणि त्यांच्या सहकार्‍यांनीं पुढें १९८७ सालीं जें मांडलें तेंहि ऐकलें पाहिजे. जबडा रुंद केलेल्या रुग्णांपैकीं सुमारें एकतृतीयांश लोकांच्या नाकाची वाट उपचारानंतरहि इतकी अपुरी राहिली, कीं त्यांना तोंडानें श्वास घ्यावा लागण्याचा संभव कायम होता. सरासरी चांगली, पण सरासरींत आपलें मूल कोठें बसतें हें आधीं सांगतां येत नाहीं, असा याचा अर्थ.

असें कां होतें ? अडथळा कोठें आहे यावर सारें अवलंबून आहे म्हणून. टाळू रुंद केल्यानें नाकाचा पुढचा व खालचा भाग मोकळा होतो. अडचण तेथेंच असेल, तर मुलाला त्याच महिन्यांत फरक जाणवतो. परंतु अडचण इतरत्रहि असूं शकते. नाकाचा मधला पडदा वांकडा असूं शकतो. धुळीनें, बुरशीनें वा परागांनीं नाकांतली त्वचा बाराहि महिने सुजलेली असूं शकते. आणि मुलांत वारंवार सांपडणारें कारण म्हणजे नाकाच्या अगदीं मागें, पडजिभेच्या वरच्या अंगाला असणारी अ‍ॅडेनॉइड नांवाची गाठ. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मायर यांनीं १८६८ सालीं या गाठीकडे वैद्यकजगताचें लक्ष वेधलें. लहानपणीं ती वाढते आणि वयांत येतांना बहुधा आपण होऊन आटते. ती मोठी असेल, तर घराचा दिंडीदरवाजा कितीहि रुंद केला तरी परसाचें दार बंदच राहतें.

माझी चूक झाली ती येथेंच. पुष्कळ वर्षांपूर्वीं दहा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. टाळू अरुंद होती. मागच्या दाढा उलट्या बसत होत्या. जबडा रुंद करणें अवश्यच होतें. तिचे वडील म्हणाले, "डॉक्टर, ही रात्रभर घोरते. त्याचें कांहीं होईल काय ?" मी नुकतेच परदेशी निबंध वाचून उत्साहांत होतों. मीं सांगितलें, "दिवाळीपर्यंत घोरणें थांबेल." टाळू उत्तम रुंद झाली, दाढा जागच्या जागीं आल्या. दिवाळी आली आणि गेली. घोरणें होतें तसेंच राहिलें. मग मीं तिला नाक-कान-घशाच्या वैद्यांकडे पाठविलें. अ‍ॅडेनॉइडनें नाकाची मागची वाट जवळजवळ बुजवून टाकली होती. ती गाठ काढल्यावर पंधरवड्यांत मुलगी शांत झोपूं लागली. तिचे वडील मला भेटावयास आले. ते रागावले नव्हते. ते एवढेंच म्हणाले, "दांतांचें काम आपण चोख केलेंत, पण नाकाची हमी आपण द्यावयास नको होती. आमचे सहा महिने त्या हमीवर गेले." त्या सहा महिन्यांत ती मुलगी वर्गांत डुलक्या घेत होती आणि तिला आळशी म्हणून बोलणीं बसत होतीं, हेंहि मला तेव्हांच कळलें. त्या दिवसापासून घोरणार्‍या मुलाचें नाक नासावैद्यानें पाहिल्याखेरीज मी किल्ली हातीं देत नाहीं.

या विषयांत वैद्याची फसगत होण्याचें आणखी एक कारण आहे : नाक मोजणें सोपें नाहीं. आपल्या दोन्ही नाकपुड्या एकाच वेळीं सारख्या चालत नाहींत. कांहीं तास उजवी मोकळी असते, मग ती किंचित् भरते आणि डावी मोकळी होते. योगाभ्यासी लोकांना सूर्यस्वर आणि चंद्रस्वर या नांवांनीं ही गोष्ट फार पूर्वींपासून ठाऊक आहे. पाश्चात्त्य वैद्यकांत तिचें वर्णन कायझर या जर्मन वैद्यानें १८९५ सालीं केलें. तेव्हां आज मोजलेलें नाक आणि चार महिन्यांनीं मोजलेलें नाक यांत फरक दिसला, तर तो उपचाराचा कीं स्वराचा हें ओळखणें कठीण पडतें. दुसरें असें, कीं मूल वाढत असतें. त्याचें नाकहि वाढतें, अ‍ॅडेनॉइड आटते, आणि कांहीं न करतांहि वर्षभरांत श्वास सुधारूं शकतो. पावसाळ्यांत सर्दीनें बेजार असलेल्या मुलावर उपचार सुरू केला आणि उन्हाळ्यांत नाक मोकळें झालें, तर श्रेय कोणाला द्यावयाचें ? म्हणूनच उपचार केलेल्या मुलांची तुलना उपचार न केलेल्या त्याच वयाच्या मुलांशीं करणारे अभ्यास अधिक विश्वसनीय मानले पाहिजेत. आणि अशा अभ्यासांत दिसणारा फायदा पहिल्या उत्साहांतल्या आंकड्यांपेक्षां पुष्कळदां बेताचा असतो.

कोणी विचारील, कीं मग मुळांत टाळू अरुंद होते तरी कशामुळें ? तोंडानें श्वास घेतल्यामुळें, असें उत्तर नेहमीं दिलें जातें. त्यांत तथ्य आहे, पण तें सगळें सत्य नव्हे. तोंड मिटलेलें असतां जीभ टाळूला टेकते आणि आंतून जबड्याला आधार देते. तोंड उघडें राहिलें म्हणजे जीभ खालीं उतरते आणि गालांचें दडपण तेवढें उरतें. स्वीडनमधील लिंडर-आरोन्सन यांनीं १९७० सालीं अ‍ॅडेनॉइडनें नाक चोंदलेल्या मुलांचे वरचे जबडे इतरांपेक्षां अरुंद असल्याचें दाखविलें. परंतु हार्वोल्ड व त्यांच्या सहकार्‍यांनीं १९८१ सालीं जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत लहान माकडांचीं नाकें बंद केलीं असतां सर्वांचे जबडे एकाच तर्‍हेनें बदलले नाहींत; ज्या माकडानें तोंडानें श्वास घेण्याची जशी युक्ति काढली, तसा त्याचा जबडा घडला. यांखेरीज अंगठा चोखण्याची संवय आहे, आणि आनुवंशिकता तर आहेच. तेव्हां अरुंद टाळू पाहून नाकाला, किंवा उघडें तोंड पाहून टाळूला, एकदम दोषी ठरविणें बरोबर नाहीं. दोघांनाहि तपासावें.

मग थांबून पाहावें काय ? येथें मात्र वयाचा प्रश्न आड येतो. डेन्मार्कच्या बिर्टे मेल्सेन यांनीं १९७५ सालीं निरनिराळ्या वयांत मृत्यु पावलेल्या मुलांच्या टाळूंचे सूक्ष्म छेद तपासून प्रसिद्ध केले. तान्ह्या वयांत ही शिवण रुंद व साधी असते; पुढें ती नागमोडी होते; आणि वयांत येण्याच्या सुमारास दोन्ही बाजूंच्या हाडांचीं टोकें, दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंतवावीं तशीं, एकमेकांत अडकतात. म्हणून आठ ते बारा-तेरा वर्षांपर्यंत जें काम आईच्या हातची किल्ली करते, तें विसाव्या वर्षीं तिच्यानें होईलच असा भरंवसा नसतो. तेव्हां टाळूच्या हाडांत बारीक स्क्रू बसवून त्यांचा आधार घ्यावा लागतो, किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. एकाच वयाच्या दोन मुलांतहि ही शिवण सारखी मिटलेली नसते. हल्लीं त्रिमिति क्ष-किरण-चित्रावरून तिची अवस्था पाहतां येते. म्हणजे एकीकडे घाईनें आश्वासन देऊं नये, आणि दुसरीकडे जबडा खरोखरच अरुंद असतां "मोठा झाला म्हणजे पाहूं" असेंहि म्हणूं नये. पहिल्या चुकींत कांहीं महिने जातात. दुसरींत सोप्या उपचाराची वेळच निघून जाते.

झोपेंत श्वास अडणें हा विकार आतां पुष्कळांच्या ऐकिवांत आहे. मूल घोरतां घोरतां एकाएकीं थांबतें, कांहीं क्षण श्वासच चालत नाहीं, आणि मग दचकल्यासारखा मोठा श्वास येतो. इटलींतील पिरेल्ली आणि त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं अशा ३१ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या झोपेंत श्वास अडण्याचें प्रमाण तासाला सरासरीनें १२ वेळां होतें. टाळू रुंद केल्यानंतर तें एकाहून कमी झालें. ही मोठीच गोष्ट आहे. परंतु ती वाचतांना दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. त्या मुलांच्या टाळू अरुंद होत्या आणि त्यांची अ‍ॅडेनॉइड वाढलेली नव्हती, म्हणजे अडचण या उपचाराच्या टप्प्यांतलीच होती. आणि तुलनेसाठीं उपचार न केलेलीं मुलें त्या अभ्यासांत घेतलेलीं नव्हतीं. २०१९ सालीं अमेरिकेंतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेनें या विषयावर एक निवेदन काढलें. जबडा रुंद करण्याचें दांतांचें कारण नसेल, तर केवळ पुढें हा विकार होऊं नये म्हणून रुंदीकरण करणें योग्य नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे. माझ्याच व्यवसायाच्या मंडळींनीं आपल्याच हाताला घातलेला हा लगाम आहे, आणि तो मला योग्य वाटतो.

आतां घरच्या माणसांनीं काय करावें तें सांगतों. सर्दी नसतांना मुलाला तोंडांत पाण्याचा एक घोट धरावयास सांगा, आणि दोन-तीन मिनिटें केवळ नाकानें श्वास घेऊं द्या. तें सहज जमलें, तर नाक चालूं आहे, तोंड उघडें राहणें ही बहुधा संवय आहे. थंड स्टीलची ताटली नाकाखालीं धरली, तर दोन्ही नाकपुड्यांच्या वाफेचे ठसे तिच्यावर उमटतात. ते वेगवेगळ्या वेळीं पाहावेत, कारण स्वर बदलत असतो हें आपण ऐकलेंच आहे. मग मुलाला दाढा चावून ओठ फांकण्यास सांगा. वरचे दांत खालच्या दांतांवर डब्याच्या झांकणाप्रमाणें बाहेरून बसले पाहिजेत. मागच्या दाढांपाशीं झांकण आंत आणि डबा बाहेर असें दिसलें, तर जबडा अरुंद असण्याचा संभव आहे, आणि दंतवैद्याचा सल्ला लवकर घ्यावा. आठवड्यांतून पुष्कळ रात्रीं घोरणें, श्वास मध्येंच थांबणें, झोपेंत अतिशय घाम येणें, सुटलेली अंथरूण ओलें करण्याची संवय पुन्हां लागणें, दिवसा पेंगणें, यांपैकीं कांहीं दिसत असेल, तर आधीं नाक-कान-घशाच्या वैद्यांकडे जावें. दांतांचें त्यानंतर पाहतां येतें. या घरगुती चांचण्या निदानासाठीं नाहींत. कोणाचें दार आधीं ठोठवावें एवढें त्यांवरून ठरतें.

आणि ऑर्थोडॉन्टिस्टानें टाळू रुंद करण्याचा सल्ला दिला, तर त्याला एक प्रश्न अवश्य विचारा : "नाकाचा प्रश्न अजिबात नसता, तरी आपण हा उपचार सांगितला असता काय ?" उत्तर होकारार्थी असेल, तर निःशंकपणें उपचार करावा. मग नाकाला जो लाभ होईल तो वरकड मिळकत समजावी, आणि ती मिळण्याचा संभव चांगला आहे. उत्तर चांचरत आलें, तर दुसर्‍या वैद्याचें मत घ्यावें. तोंडाचें छत रुंद केलें म्हणजे नाकाची जमीन रुंद होते, हें शास्त्रानें सिद्ध झालेलें आहे. परंतु त्या जमिनीवरून वारा मोकळेपणानें वाहील कीं नाहीं, हें घराचीं बाकीचीं दारें उघडीं आहेत किंवा नाहींत यावर ठरतें. तीं आधीं पाहून घ्यावीं. आणि मग आज रात्रीं मुलाच्या हनुवटीखालीं बोट लावतांना, त्याचें तोंड कां उघडें राहतें याचा शोध कोठून सुरू करावा, एवढें तरी आईला ठाऊक असेल.